छटा, छपाई आणि नवलाईची तिकिटे

टपाल तिकिटांच्या संग्रहात ‘छपाई’ आणि ‘छटा’ हे शब्द नेहमी जोडीने येतात आणि बहुतेक घोळही या जोडीमुळेच होतो. छपाई म्हणजे एका वेळी, एका प्रकारच्या कागदावर, शाईच्या एका घाण्यातून निघालेला तिकिटांचा गठ्ठा. छटा म्हणजे दोन तिकिटांच्या रंगात डोळ्याला दिसणारा फरक. चकलीचा प्रत्येक घाणा एकाच रंगाचा उतरत नाही, तसेच शाईचेही असते. रंगद्रव्य कमीजास्त दळले गेले, तेलाचे प्रमाण बदलले, यंत्राचा दाब हलका झाला, कागदाने शाई जास्त पिऊन घेतली, की त्याच साच्यातून निघालेले तिकीट वेगळे दिसू लागते. मात्र छपाई बदलली म्हणून छटा बदलेलच असे नाही, आणि छटा वेगळी दिसली म्हणून छपाई वेगळी असेलच असेही नाही. तिकीट ओळखण्याचे सगळे शास्त्र या दोन ‘नाहीं’च्या मधल्या जागेत मावते.

रोजच्या वापराच्या तिकिटांना हा प्रश्न फार लागू पडतो, कारण ती वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा छापली जातात. स्मारक तिकिटे साधारणपणे ठरलेल्या संख्येत छापून थांबतात. सुगंधी, धातूची, कापडाची, प्लॅस्टिकची, हात लावल्यावर रंग बदलणारी अशी जी तिकिटे संग्राहकांमध्ये ‘नॉव्हेल्टी’ म्हणून ओळखली जातात, त्या नवलाईच्या तिकिटांची गोष्ट आणखी निराळी. तिथे कागद आणि शाई हे नेहमीचे साक्षीदारच बदललेले असतात. म्हणून आधी साध्या तिकिटावर हात बसवावा आणि मग नवलाईकडे वळावे.

हात बसवण्यासाठी पंचम जॉर्ज यांचे एक आण्याचे चॉकलेटी तिकीट उत्तम. ते महाग नाही आणि जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यांतून आजही निघते. १९२२पासून हे तिकीट चॉकलेटी रंगात आले. तोवर एक आण्याचे तिकीट किरमिजी असे. आधीची चॉकलेटी तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीने छापली. १९२६पासून तेच तिकीट नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जाऊ लागले. चित्र तेच, किंमत तीच, रंगाचे नावही तेच. नवशिक्या संग्राहक दोन तिकिटे शेजारी ठेवतो, एक थोडे लालसर आणि एक थोडे काळपट पाहतो आणि लालसर ते लंडनचे, काळपट ते नाशिकचे असे ठरवून मोकळा होतो. हा निर्णय निम्म्या वेळा चुकतो. दोन्ही छापखान्यांतून लालसरही निघाले आहे आणि काळपटही.

खरा निकाल तिकिटाच्या पाठीवर मिळतो. काळ्या रंगाच्या उथळ ताटलीत तिकीट पालथे ठेवून त्यावर लायटरमध्ये भरतात त्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकले, की कागद क्षणभर पारदर्शक होतो आणि जिथे तो पातळ आहे तिथे गडद दिसतो. लंडनच्या तिकिटात मधोमध एकच मोठा तारा उमटतो. नाशिकच्या तिकिटात लहान ताऱ्यांची रांगोळी दिसते. त्यातले काही तारे पूर्ण, तर काही कडेला अर्धवट कापलेले. अर्ध्या मिनिटात द्रव उडून जातो, तारे विरतात आणि तिकीट पुन्हा पूर्वीसारखे कोरडे होते. कागद बनवताना, तो ओला असतानाच हे जलचिन्ह त्यात दाबलेले असते, त्यामुळे ऊन, पाणी किंवा धूर यांनी ते बदलत नाही. रंग मात्र या तिन्हींनी बदलतो. साक्षीदार निवडताना हाच फरक निर्णायक ठरतो. (फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापलेल्या काही तिकिटांची शाई या द्रवात सुटते. म्हणून आधी त्याच प्रकारच्या फाटक्या, टाकाऊ तिकिटावर चाचणी घ्यावी.)

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण हवे असेल, तर भारताच्या नकाशाची मालिका घ्यावी. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि नये पैसे किमतीची ही तिकिटे त्याच वेळी आली. सुरुवातीच्या छपाईत जुन्याच ताऱ्यांचे जलचिन्ह आहे. १९५८पासून अशोकस्तंभाचे जलचिन्ह असलेला कागद वापरात आला आणि त्याच चित्राची, त्याच किमतीची तिकिटे नव्या कागदावर निघू लागली. अल्बममध्ये एका रकान्यात बसलेले तिकीट प्रत्यक्षात दोन असते. घरोघरच्या जुन्या अल्बममध्ये ही दोन्ही तिकिटे ‘डबल’ समजून एकमेकांवर चिकटवलेली सापडतात.

जलचिन्हानंतर दातऱ्यांचा क्रम लागतो. तिकिटाच्या कडेची भोके दोन सेंटीमीटर लांबीत किती येतात ते मोजतात, आणि हा आकडा बदलला तर यंत्र किंवा छपाई बदलली असे मानतात. त्यानंतर छपाईची पद्धत. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ती लपत नाही. उठावाच्या साच्यातून दाबलेल्या अक्षराच्या कडेला शाईची दाट रेघ जमते आणि मागून बोट फिरवले तर उठाव जाणवतो. कोरीव प्लेटवरच्या छपाईत शाई कागदावर उंच उभी राहते. नखाला खरखर लागते. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये सगळा रंग बारीक जाळीत विभागलेला असतो, अक्षरांच्या कडासुद्धा करवतीसारख्या दिसतात. ऑफसेटमध्ये निरनिराळ्या रंगांचे ठिपके एकमेकांशेजारी फुलासारखे बसतात. १ ऑक्टोबर १९५२ला निघालेली संतकवींची मालिका ही नाशिकच्या छापखान्याची फोटोग्रॅव्ह्यूरमधली पहिली तिकिटे. त्याआधीची नाशिकची तिकिटे आणि हे कबीर-तुलसीदास भिंगाखाली शेजारीशेजारी ठेवले, की तांत्रिक पुस्तकाची दहा पाने वाचल्याचे काम होते.

काही वेळा छापखाना स्वतःच आपली ओळख तिकिटावर कोरून ठेवतो. ब्रिटनच्या एक पेनीच्या लाल तिकिटावर १८६४पासून दोन्ही बाजूंच्या नक्षीत प्लेटचा क्रमांक कोरलेला आहे. क्रमांक ७१पासून २२५पर्यंत जातात आणि भिंगाशिवाय ते वाचणे कठीण. ७७ क्रमांकाची प्लेट सदोष म्हणून बाद झाली, तरी तिची मोजकी तिकिटे बाहेर पडली आणि ती आज दुर्मीळातली दुर्मीळ आहेत. या तिकिटांत लाल रंगाच्या विटकरी, गुलाबी, किरमिजी अशा ढीगभर छटा आहेत. पण क्रमांक समोर असताना छटेवर वाद घालणे म्हणजे दारावर पाटी असताना शेजाऱ्याला पत्ता विचारणे. बहुतेक तिकिटांवर असा क्रमांक नसतो. मग शीटची कड उपयोगी पडते. कडेवर छापलेले क्रमांक, रंगांचे ठिपके, छापखान्याचे नाव यांवरून छपाई नेमकी सांगता येते. म्हणून कडेसह असलेला चार तिकिटांचा ब्लॉक सोडवून चार सुटी तिकिटे करणे हा संग्राहकाने स्वतःवर केलेला अन्याय समजावा.

वापरलेल्या तिकिटाला डिंक आणि कड नसते, पण एक मोठा फायदा असतो: शिक्का. वाचता येणारी तारीख असलेला शिक्का हा छपाईच्या काळाचा सर्वांत भक्कम पुरावा. १९२३चा शिक्का असलेले तिकीट १९२६च्या छपाईचे असू शकत नाही. उलटी बाजू मात्र खरी नाही. लंडनची तिकिटे १९३०मध्येही एखाद्या लहानशा पोस्टाच्या पेटीत शिल्लक असू शकतात. म्हणून तारीख ‘याच्या आधीची नव्हे’ असे सांगत नाही, ‘याच्या नंतरची नव्हे’ एवढेच सांगते. पाकिटावरचे तिकीट पाकिटासह जपावे ते याचसाठी.

आता छटेकडे. रंग पाहण्यासाठी उत्तरेकडच्या खिडकीतला दिवसाचा उजेड चांगला, कारण तिथे थेट ऊन येत नाही. ट्यूबलाइटखाली एक दिसणारी दोन तिकिटे खिडकीपाशी वेगळी निघतात आणि पिवळ्या दिव्याखाली वेगळी वाटलेली तिकिटे खिडकीपाशी एक होतात. शेजारच्या रंगानेही डोळा फसतो: लालच्या बाजूला ठेवलेला राखाडी हिरवट दिसतो. त्यासाठी काळ्या किंवा राखाडी जाड कागदाला समान आकाराची दोन भोके पाडतात आणि दोन्ही तिकिटांचा एकच भाग त्यांतून पाहतात. स्टॅन्ली गिबन्स कंपनीच्या रंगसूचीत २०० रंगांच्या पट्ट्या आहेत आणि त्यांनाही अशीच भोके असतात. पण सूचीतले नाव हे शेवटी इंग्रजी रंगज्ञानाचे नाव आहे. ‘लेक’, ‘मॅजेन्टा’, ‘कार्माइन’ यांत कुणाला किती फरक दिसतो हे माणसामाणसावर आहे. तज्ज्ञ त्यावर अवलंबून राहत नाहीत. ते नक्की ओळख पटलेल्या, तारीखवार शिक्क्यांच्या तिकिटांचा स्वतःचा संच बनवतात आणि नव्या तिकिटाला त्याच्याशी ताडून पाहतात. डांबरापासून बनवलेल्या ॲनिलिन रंगांची एक खूण मात्र सूचीविनाही पकडता येते: ही शाई कागदात मुरते आणि पाठीवरूनही झळकते.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारी रंगद्रव्ये बंद झाली आणि मिळेल ती शाई वापरावी लागली. पंचम जॉर्ज यांच्या ब्रिटिश तिकिटांत त्या वर्षांत छटांचा पूर आला. ज्या छटेमागे असे कारण सापडते ती छटा जमवण्यालायक. ज्या छटेमागे नुसता डोळा आहे ती बाजारात जास्त दराने विकली जाते एवढेच.

आपल्याकडे या कारणाची सर्वांत सुंदर गोष्ट १८५४ची आहे. कलकत्त्याच्या सर्वेक्षण खात्यात कॅप्टन थुइलिअर यांनी दगडावरच्या छपाईने अर्ध्या आण्याचे तिकीट बनवायला घेतले. बाजूच्या चौकटीत साडेनऊ कमानी असलेले ते तिकीट शेंदरी रंगात छापले गेले. विलायतेहून आलेली शाई संपली. देशी शाई वापरली तर दगडावरची प्रतिमा खराब होऊ लागली. शेवटी रंग निळा ठरला, चित्र पुन्हा काढले, कमानी आठ झाल्या. शेंदरी तिकीट कधीच विक्रीला आले नाही. त्याला संग्राहक ‘साडेनऊ कमानी’ म्हणूनच ओळखतात. इथे लाल आणि निळा ही छटा नव्हे, दोन निराळी तिकिटे आहेत. पण त्या निळ्यातही फिकट निळ्यापासून गर्द निळ्या आणि हिरवट निळ्यापर्यंत रंग मिळतात, कारण दगडावर प्रतिमा पुन्हापुन्हा चढवावी लागे आणि हातात येईल ती शाई लागे. अर्ध्या आण्याच्या तिकिटाचे तीन डाय, म्हणजे मूळ चित्राचे तीन प्रकार, मानले जातात, आणि छटा सांगण्याआधी डाय कोणता ते सांगणे हा तिथला शिष्टाचार आहे. चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत, लाल चौकट आणि निळे मस्तक असे दोनदा यंत्रावरून काढले. काही शीट उलट्या घातल्या गेल्या आणि राणी व्हिक्टोरियाचे डोके उलटे झाले. ही उलट्या मस्तकाची तिकिटे भारतीय संग्रहाचा मुकुटमणी ठरली. पहिल्या छपायांत शीटवर १२ तिकिटे ऐसपैस अंतराने असत, नंतर २४ तिकिटे दाटीने आली. कडेला मोकळा कागद किती आहे यावरून छपाईचा अंदाज बांधता येतो तो असा.

त्याआधी १८५२मध्ये सिंधचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, कराचीत अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. लाल लाखेच्या चकतीवर उठाव दाबलेले पहिले तिकीट पाकिटावर चिकटवताना तडकत असे; पांढऱ्या कागदावरचे रंगहीन तिकीट रात्री दिव्याच्या उजेडात दिसेना; म्हणून तिसरे निळे आले. नवलाईच्या तिकिटांची मांडणी करायची तर पहिला मान या लाखेच्या तिकिटाचाच. त्याची आजची दुर्मीळता छपाईच्या संख्येपेक्षा त्याच्या ठिसूळपणाने ठरवली आहे.

हाच मुद्दा आधुनिक नवलाईला लागू पडतो. भूतानची टपाल तिकिटे १९६२मध्ये सुरू झाली आणि बर्ट टॉड या अमेरिकन माणसाच्या कल्पनेतून त्या डोंगरी राज्याने एकेक चमत्कार बाजारात आणले: १९६७ला हलवले की खोली दिसणारी प्लॅस्टिकची तिकिटे, १९६९ला पोलादाच्या पातळ पत्र्यावरची, त्याच वर्षी रेशमी कापडावरची, १९७३ला गुलाबाच्या वासाची. यांत सर्वांत गाजली ती १९७२ सालची बोलकी तिकिटे. ती म्हणजे चक्क लहान ग्रामोफोन तबकड्या. चकती फोनोग्राफवर ठेवून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरवली, तर भूतानची लोकगीते, राष्ट्रगीत आणि इंग्रजी-जोंगखा भाषांतला देशाचा इतिहास ऐकू येतो. सात तिकिटे, सात रंग.

या तिकिटांवर साध्या कसोट्या लावायला गेले, की त्या हातातून निसटतात. पोलादी तिकिटाला जलचिन्ह नाही, आणि त्याच्या कडांना गंज चढतो. तांबूस झालेली कड ‘तपकिरी छटा’ म्हणून विकायला येते, पण तो केवळ दमट हवेचा परिणाम असतो. नवलाईच्या प्लॅस्टिकच्या तिकिटाचा वरचा थर पिवळट पडतो, वाकतो, क्वचित सुटतोही. पांढऱ्याचा झालेला हस्तिदंती रंग हीदेखील छपाईची छटा नव्हे. बोलक्या तिकिटाच्या खाचांवरचा ओरखडा त्याची किंमत घटवतो, रंग घटवत नाही. अशा तिकिटात छपाई ओळखायची तर चमकदार की मंद पृष्ठभाग, थरांची जाडी, पाठीच्या कागदाचा रंग आणि डिंकाचा पोत, छापलेल्या अक्षरांची कड, या गोष्टी पाहाव्यात. रंग यादीत शेवटी ठेवावा.

सुगंधी तिकिटे तर आणखी फसवी. वास सूक्ष्म कुप्यांमध्ये बंद करून शाईवर लेपलेला असतो. घासले की कुप्या फुटतात आणि वास येतो. भारताचे पहिले सुगंधी तिकीट चंदनाचे, १३ डिसेंबर २००६ला १५ रुपयांचे. मग ७ फेब्रुवारी २००७ला गुलाबाचा चार तिकिटांचा संच, २६ एप्रिल २००८ला जाईजुईच्या वासाची आणि २३ एप्रिल २०१७ला कॉफीचे, १०० रुपयांचे. ‘याला वास जास्त, म्हणजे पहिल्या छपाईचे’ असे विधान दुकानात सर्रास ऐकू येते. ते निरर्थक आहे. वास किती उरला हे तिकीट किती वेळा घासले, कुठल्या कपाटात ठेवले आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात होते की नाही यावर ठरते. १२ फेब्रुवारी २०११ला राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते प्रकाशित झालेले महात्मा गांधींचे १०० रुपयांचे खादीवरचे तिकीट हे कापडच असल्याने प्रत्येक विणीत शाई वेगळी बसते. दोन तिकिटांच्या रंगातला फरक तिथे हातमागाचा आहे, छापखान्याचा नव्हे.

एकाच संचात निरनिराळ्या पद्धती पाहायच्या तर ब्रिटनने २ ऑक्टोबर २००१ला काढलेला नोबेल शताब्दीचा सहा तिकिटांचा संच जवळ असावा. त्यात उष्णतेने रंग बदलणारी शाई, कोरीव छपाई, उठाव, निलगिरीचा वास, सूक्ष्म अक्षरे आणि होलोग्राम अशा सहा करामती आहेत. उष्णतेने रंग बदलणारी शाई विशेष नाजूक. अमेरिकेने २०१७ला सूर्यग्रहणाचे जे तिकीट काढले, त्यात काळ्या वर्तुळावर बोट टेकवले की चंद्र दिसतो. पण अतिनील किरणांनी ही क्षमता कमी होत असल्याने ते तिकीट जपण्यासाठी संरक्षक पाकीट वेगळे विकण्यात आले. उन्हात ठेवलेले अशा तिकिटाचे पान कायमचे बदलते आणि ते ‘छपाईतील चूक’ म्हणून बाजारात येण्यास फारसा वेळ लागत नाही.

रंग बदललेल्या तिकिटांची एक जुनी शाखाच आहे. हिरव्या रंगातले पिवळे द्रव्य उन्हाने उडाले, की तिकीट निळे होते. शिशाचे रंगद्रव्य असलेली नारिंगी आणि लाल तिकिटे हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी तपकिरी, काळपट होतात. संग्राहक त्याला सवयीने ‘ऑक्सिडाइझ’ म्हणतात, पण प्राणवायूचा त्यात दोष नसतो. सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचा ओला कापूस फिरवला की रंग परत येतो आणि ‘दुर्मीळ तपकिरी छटा’ नाहीशी होते. तिकीट दोनदा वापरू नये म्हणून मुद्दाम पाण्यात सुटणारी शाई वापरण्याचीही पद्धत होती. १८८३-८४च्या ब्रिटिश हिरव्या-जांभळ्या तिकिटांना पाणी लागले की रंग फिका पडतो. अशा तिकिटाची फिकट छटा ही छपाईची नसून कोणीतरी ते पाकिटावरून बशीत भिजवून काढल्याची खूण असते.

छापलेल्या संख्येची माहिती कुठून मिळवायची, हा शेवटचा प्रश्न. भारतीय टपाल खात्याच्या स्मारक तिकिटांबरोबर निघणाऱ्या माहितीपत्रकाच्या तांत्रिक रकान्यात छापील संख्या, छपाईची पद्धत आणि छापखाना दिलेला असतो. ही संख्या मोलाची, पण ती छापलेली संख्या आहे. किती विकली गेली, किती परत जाऊन नष्ट झाली, हे ती सांगत नाही. १८४०ची पेनी ब्लॅक ६ कोटी ८० लाखांच्या आसपास छापली गेली आणि म्हणूनच ती प्रसिद्ध असूनही अप्राप्य नाही. सिएरा लिऑनने १९६४ला देशाच्या नकाशाच्या आकाराची, ओले न करता चिकटणारी तिकिटे काढली. ती इतकी शिल्लक राहिली, की चलन बदलल्यावर त्यांवर नवीन किमतीचे शिक्के मारून ती पुन्हा विकली गेली. अशा तिकिटात मूळ छपाई आणि नंतरचा शिक्का या दोन वेगळ्या छपाया असतात आणि दोन्हींची नोंद वेगळी करावी लागते.

नोंद करण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक तिकिटाजवळ जलचिन्ह, दातरे, छपाईची पद्धत, शिक्क्याची तारीख आणि सर्वांत शेवटी रंग, असे पाच रकाने लिहावेत. पहिले चार रिकामे आणि पाचवा भरलेला अशी ज्या तिकिटाची नोंद होईल, त्याला जास्त पैसे मोजू नयेत.